समाधान आणि समज

आमच्या उर्दू शाळेतल्या मुली पुढे बी.एस्सी.ला जातात. नवीन जालन्यात कुठे भेटल्या की आम्ही विचारतो, कॉलेजात कसे शिकवतात? ‘चांगले शिकवतात, सर.’ काय समजले म्हटले की गप्प. ‘कुव्वत’, ‘इसराअ’ शिकलेल्या पोरींसमोर एकदम ‘फोर्स’, ‘ॲक्सिलरेशन’ येते.

नॅकने २०१७ साली मूल्यांकनात विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी आणली. आमच्या मुली अदबीपोटी सर्वांना पैकीच्या पैकी देतील! समज कुठे मोजली? अमेरिकेत रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ वर्गांतल्या सुमारे साडेसहा हजार विद्यार्थ्यांच्या, शिकण्याआधीच्या व नंतरच्या चाचण्या तपासल्या. जेवढे यायचे बाकी होते, त्यातले किती आले? वीसवरून साठवर गेलेली आणि ऐंशीवरून नव्वदवर गेलेली, दोघींची कमाई सारखीच, निम्मी. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत ही कमाई सरासरी ०.२३ निघाली, मुलांना बोलते-करते करणाऱ्या वर्गांत ०.४८.

मागून निघणाऱ्या आमच्या मुलींना हे माप न्यायाचे आहे. फक्त पहिली चाचणी त्यांना कळणाऱ्या शब्दांत हवी, नाहीतर ती इंग्रजीच मोजेल. तोवर आम्ही दहावीच्या वहीत ‘कुव्वत’समोर ‘फोर्स’ लिहून घेतो.