घुम्या

गॅरेजमधून गाडी बाहेर काढली की तो लगेच बोलत नाही. गल्लीत नाही, सिग्नलला नाही, पेट्रोल पंपावर हवा भरताना तर नाहीच. मागचे शॉकअॅब्सॉर्बर नवे बसलेले असतात, खड्ड्यातली जुनी धडधड गेलेली असते, मालक बिल विसरून खुशीत असतो. मग गाडी महामार्गाला लागते, काटा चाळिशी ओलांडतो आणि पायाखालून घुम्या सुरू होतो. घूंऽऽ. वर हेलिकॉप्टर आहे का म्हणून काच खाली करून आकाशात पाहणारे चालक मी पाहिलेत.

घुम्याला इंजिनाशी काही देणंघेणं नाही, ही त्याची पहिली ओळख. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असो की पाचव्या, ताशी 60 ला त्याचा सूर तोच. मोकळ्या, सरळ रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करून पाहा: इंजिन खाली बसतं, हा मात्र गातच राहतो आणि गाडी हळू होईल तसा सूर खाली आणतो. (चावी मात्र फिरवू नका. चालत्या गाडीचं इंजिन बंद केलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदत संपत जाते.) एवढ्या चाचणीत इंजिन आणि सायलेन्सर निर्दोष सुटतात. गुन्हेगार चाकापाशी आहे, हे नक्की होतं.

दुसरी ओळख त्याच्या आवडीनिवडीची. रस्त्याच्या बाबतीत हा फार चोखंदळ. काँक्रीट मिळालं की घसा मोकळा सोडतो. त्यावर पकडीसाठी ओढलेल्या बारीक रेघा असतात, त्या त्याला साथ देतात. काँक्रीट संपून ताज्या, गुळगुळीत डांबरावर गाडी आली की एकदम आवाज उतरतो. पुढे खडबडीत डांबर लागलं की पुन्हा वेगळा सूर. रस्त्याप्रमाणे ज्याचा स्वभाव बदलतो, तो टायरचाच आवाज.

हे एवढ्यासाठी सांगायचं की घुम्याचा एक तोतया आहे: व्हील बेअरिंग. तोही घूं करतो, तोही वेगाबरोबर चढतो. पण त्याला काँक्रीट काय, डांबर काय, सगळं सारखंच. त्याला फरक पडतो तो वजनाचा. वेग बेताचा ठेवून मोकळ्या रस्त्यावर गाडी अलगद उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर डाव्या बेअरिंगवर संशय घ्यायचा. डावीकडे वळवताना वाढला तर उजव्या. घुम्या या डुलण्याला फारशी दाद देत नाही. जाणता मेस्त्री पुढे गाडी जॅकवर घेतो, एका हाताने चाक फिरवतो आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवतो. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक खरखर हाताला लागते. कान फसतात, कारण पत्र्याच्या डब्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही. हात सहसा फसत नाही.

पण आमच्याकडे निकाल सुनावणीच्या आधीच लागतो. ‘साहेब, बेअरिंग गेलंय.’ ‘अहो मेस्त्री, कालपर्यंत तर काही नव्हतं!’ ‘जातं साहेब. अचानकच जातं.’ आता, बेअरिंग दुरुस्तीतही बिघडू शकतं हे खरं. हबवर हातोडा चालवला किंवा एक्सलचा मोठा नट अंदाजाने आवळला, तर चांगलं बेअरिंगही लवकर बोलायला लागतं. पण काम मागच्या शॉकअॅब्सॉर्बरचं होतं. पुढच्या हबला कोणी हातही लावलेला नव्हता आणि आवाज तर पुढून येतोय. इथे मालकाला मेस्त्रीवर संशय आणि मेस्त्रीला बेअरिंगवर, आणि घुम्या दोघांच्या मध्ये निवांत.

त्याचा जन्म कुठला, ते शोधायला मागे जावं लागतं, अगदी शब्दशः. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत मागची बाजू हलकी असते. शॉकअॅब्सॉर्बर मेले की मागचं चाक रस्त्यावर टिकून राहत नाही, बारीक बारीक उड्या मारतं आणि टायर एकसारखा न झिजता ठिकठिकाणी खपतो. चाकांची दिशा जराशी चुकलेली असेल तर नक्षीच्या प्रत्येक तुकड्याची एक कड झिजते आणि दुसरी उभी राहते. गाडी थांबवून टायरवरून तळहात फिरवा, आधी एका दिशेने, मग उलट. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीसारखे दात लागले, तर घुम्या भेटला. (तार बाहेर आली असेल तर बोट कापेल, आधी डोळ्यांनी पाहा.)

दात आले की सूर का लागतो, हा हिशेब सोपा आहे. छोट्या गाडीच्या टायरचा घेर साधारण 1.9 मीटर. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला पाचेक फेरे. घेरावर नक्षीचे 60 तुकडे धरले तर सेकंदाला 300 च्या वर टिचक्या. कानाला त्या सुट्या ऐकूच येत नाहीत, सलग स्वर ऐकू येतो. टायर बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. म्हणून ते तुकडे मुद्दाम कमीजास्त लांबीचे ठेवतात, म्हणजे आवाज एकाच सुरावर एकवटत नाही. त्यांनी कारखान्यात केलेला हा बंदोबस्त वाकडी झीज मोडून काढते. याउलट नक्षीत खडा अडकला तर फेऱ्याला एकच टक्. ताशी 20 ला सेकंदाला तीनदा, बोटांवर मोजता येईल असा. तो घुम्याच्या जातीचा नाही, स्क्रू ड्रायव्हरने निघतो.

तर घुम्या मागच्या चाकात बरेच महिने राहत होता. डिकीखाली, चालकापासून लांब आणि वर मेलेल्या शॉकअॅब्सॉर्बरची धडधड. कोणाला पत्ता लागणार? मग गाडी दुरुस्तीला गेली. चाकं उतरलेलीच होती, तर मेस्त्रीने चांगुलपणाने मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे केले. रीत तशीच आहे, त्यात त्याचं चुकलं नाही. पण धडधड थांबली आणि घुम्या थेट चालकाच्या पायाखाली आला. दुरुस्तीने त्याला जन्म दिला नाही, त्याची बदली केली.

दुरुस्तीनंतर येणारे बाकीचे आवाज याच्यापुढे साधे. ब्रेकचं काम करताना डिस्कमागचा पातळ पत्रा हाताने वाकला की खर्र खर्र येतं. तो परत मागे वाकवला की संपलं. चाकावरच्या प्लॅस्टिक अस्तराची क्लिप राहिली की वळताना घासतं. एक आवाज मात्र कौतुकाने ऐकत बसायचा नाही: चाक काढून बसवल्यावर येणारी खडखड आणि थरथरणारं स्टिअरिंग. नट सैल असू शकतात. गाडी तिथेच बाजूला घ्यायची आणि पाना काढायचा.

घुम्या तसा नाही. टायरला फुगा नसेल, तारा दिसत नसतील आणि नक्षी कायद्याच्या 1.6 मिलीमीटरच्या वर असेल, तर तो कटकट्या आहे, घातकी नाही. अलाइनमेंट करून घेतलं आणि नवे शॉकअॅब्सॉर्बर आहेतच, तर हलके दात पुढच्या धावेत झिजून जातात. खोल झालेले जात नाहीत; टायर बदलेपर्यंत तो सोबत राहतो. हवा जास्त भरली तर सूर थोडा बदलतो, पण तो इलाज नव्हे.

तेव्हा गाडी ताब्यात घेताना कुठले भाग बदलले एवढंच विचारू नका, कुठलं चाक कुठे गेलं तेही बिलावर लिहून घ्या. आणि बेअरिंगच्या खर्चाला हो म्हणण्याआधी पुढची-मागची चाकं पुन्हा अदलाबदल करायला लावून त्याच रस्त्यावर, त्याच वेगात एक ट्रायल मारा. आवाज मागे गेला, तर बेअरिंगचे पैसे खिशातच ठेवा.