गावचे हायस्कूल लहान असले म्हणून काय झाले?

सातवीचा निकाल लागला की खेड्यांतल्या घराघरांत एकच खल सुरू होतो. मुलाला गावच्याच हायस्कुलात ठेवायचे, की शहरातल्या मोठ्या शाळेत घालायचे? ज्यांची थोडीफार ऐपत आहे ते बहुधा शहराची वाट धरतात. कुणी मुलाला मावशीकडे ठेवतो, कुणी वसतिगृहात. काही घरांत तर आई मुलांना घेऊन शहरात भाड्याच्या खोलीत राहते आणि वडील गावी शेतीपाशी. मुलांच्या भल्यासाठी संसाराची अशी दोन ठिकाणी वाटणी होते.

मी स्वतः सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, अशाच एका लहान हायस्कुलात शिकले. गावात सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा आणि पुढे आठवी ते दहावी हायस्कूल. तीन इयत्ता, तीन खोल्या आणि पटावर जेमतेम ऐंशी मुले. त्यामुळे धाकट्या भावाने मागच्या वर्षी विचारले, "ताई, पोरीला गावातच ठेवू की साताऱ्याला धाडू?" तेव्हा मला बराच विचार करावा लागला.

उणिवा मी त्याच्यापासून लपवल्या नाहीत. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लाकडी कपाट होते. नववीत वर्षभर इंग्रजीला शिक्षकच नव्हते, गणिताचे सर जमेल तसे शिकवत. अकरावीला शहरात गेल्यावर पहिले काही महिने इंग्रजीतला तास डोक्यावरून जात असे. हे सारे खरेच आहे. पण त्या शाळेने जे दिले, ते मोठ्या शाळेत मिळाले असते असे मला वाटत नाही.

लहान शाळेत प्रत्येकाची गरज असते. खो-खोचा संघ बारा जणींचा आणि आमच्या वर्गात मुली अकराच. मग आठवीतली एक मुलगी घ्यायची आणि आमच्यापैकी कुणालाही बाजूला बसायची सोय नाही. परिपाठात बातम्या वाचायची पाळी दर महिन्याला यायचीच. माझ्यासारख्या भित्र्या मुलीचाही आवाज त्यामुळे सुटला. गॅदरिंगला नाटक बसवायचे तर पात्रे, पडदा ओढणारे, खुर्च्या मांडणारे सगळे आम्हीच. चार-पाच तुकड्यांच्या शाळेत मात्र स्टेजवर वर्षानुवर्षे तीच दहा-बारा मुले दिसतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. त्यांना आमची नावेच नव्हे, घरेही ठाऊक होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीने आठवीनंतर "आता पुरे झाली शाळा" असे ठरवून टाकले. ती चार दिवस आली नाही, तेव्हा आमच्या बाई संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बसल्या. चहा घेतला, आजीच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग विषय काढला. ती मुलगी दहावी झाली, पुढे नर्सिंग शिकली. शाळा दहा-बारा मैलांवर असती तर बाई आल्या असत्या का? आणि आजीने तरी तिला पाठवले असते का?

मुलींच्या बाबतीत हा अंतराचा प्रश्न फार मोलाचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला, पण तो आठवीपर्यंतच. नववी-दहावी त्याच्या कक्षेबाहेर राहते. अनेक घरांत मुलीचे शिक्षण नेमके इथेच अडते.

पालकांनी आणखी काही गोष्टी लक्षात घ्याव्यात. राज्य मंडळाच्या शाळांत दहावीची पुस्तके आणि बोर्डाची प्रश्नपत्रिका शहरात आणि खेड्यात एकच असते. आता खेड्यांतल्या कितीतरी शाळांत सेमी इंग्रजी आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. शिवाय आठवीत केंद्र सरकारची एनएमएमएस परीक्षा असते. तीत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच ही परीक्षा देता येते, विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलांना नाही.

पण या शाळा टिकतील का? अनुदानित शाळेत शिक्षकांची पदे पटसंख्येवरून मंजूर होतात. पट घसरला की पद कमी होते आणि शिक्षक 'अतिरिक्त' ठरून दुसरीकडे जातो. शिक्षक कमी झाला म्हणून आणखी चार पालक मुले काढतात आणि पट पुन्हा घसरतो. यात मागे राहतात ती ज्यांना शहर परवडत नाही त्यांची मुले. त्यातही मुली जास्त.

आमच्याच जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मुले काम करून शिकली. शाळा गरिबाच्या दारापर्यंत गेली पाहिजे हा त्यामागचा ध्यास होता. ती दारातली शाळा आपण पाठ फिरवून बंद पडू द्यायची का?

भावाला मी सांगितले, "पोरीला गावातच राहू दे. खोलीभाड्याला जाणारे पैसे तिच्या इंग्रजीच्या पुस्तकांना आणि शिकवणीला लाव. आणि पालक सभेला तू स्वतः जा." त्याने ते ऐकले.

तुमच्या गावी हायस्कूल असेल तर निर्णय घेण्याआधी एकदा तिथे जाऊन या. मुख्याध्यापकांना भेटा. किती पदे रिकामी आहेत, विज्ञानाचे प्रयोग होतात का, एनएमएमएसची तयारी कोण करून घेते, हे विचारा. शिक्षक कमी असतील तर पाच-दहा पालकांनी मिळून शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा. एवढे करूनही शाळा मुलांना न्याय देत नसेल, तर शहराचा रस्ता मोकळा आहेच.