विहिरीतलं मीठ

आमच्या मालगुंडच्या घरी विहिरीवर दोर होता, तोवर पाण्याचा हिशेब आम्हांला कुणी शिकवला नाही. किती उपसलं ते हातच सांगायचे. अम्मी तांदळाचं धुवण माडाच्या आळ्यात ओतायची. अब्बांची वजू एका लोट्यात व्हायची. वाहत्या नदीकाठीही पाणी उधळू नये, असं ते बजावत.

घाटावरचे पाहुणे विचारतात, तुमच्याकडे एवढा पाऊस, मग टंचाई कसली? पाऊस 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो, खरं आहे. पण जांभा म्हणजे चाळण. पावसाळ्यात पोटभर पितो आणि दिवाळीनंतर सोडून देतो. मे महिन्यात सड्यावरच्या वाड्या टँकरची वाट पाहतात.

किनाऱ्याची गोष्ट आणखी नाजूक. वाळूतलं गोडं पाणी खालच्या जड, खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर ते एक फूट असेल, तर खाली साधारण 40 फूट असतं. वरचं फूटभर कायमचं उतरलं की खालून खारं साधारण 40 फूट वर चढू लागतं.

1994 साली गावात केशवसुतांचं स्मारक झालं. गणपतीपुळ्याची गर्दी तर शेजारीच. आखातातून आणलेल्या पैशांत आम्ही भावांनी परसात चार खोल्या बांधल्या. विहिरीवर मोटार, गच्चीवर टाकी. पाहुणे समुद्रात डुंबून येत आणि शॉवरखाली अर्धा अर्धा तास उभे राहत. भाडं मिळत होतं. आम्ही कशाला बोलू?

एका मे महिन्यात डाळ शिजेना. अम्मीनं चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला. "विहिरीत मीठ कुणी टाकलं?"

आठवड्यानं शेजारच्या काकींची विहीरही मचूळ झाली. त्यांच्याकडे मोटार नव्हती, त्या दोरानंच पाणी काढत. 1993 च्या भूजल कायद्यानं पिण्याच्या सार्वजनिक उद्भवाभोवती 500 मीटरची राखण घातली होती. काकींची विहीर खासगी, ती त्यात बसत नव्हती. त्या आम्हांला एका शब्दानं बोलल्या नाहीत, हेच जड गेलं.

मग शॉवर काढून बादल्या ठेवल्या. मोटार सकाळी थोडा वेळच. छपराच्या पन्हळीचं पाणी, पहिल्या सरी सोडून, खडी-वाळूच्या खड्ड्यातून विहिरीत वळवलं. हजार चौरस फुटांच्या छपरावर इथं वर्षाला पावणेतीन लाख लिटर पाणी पडतं. आम्ही ते गटारात सोडत होतो. विहिरी निवळायला तीन पावसाळे गेले.

काकी अजूनही कळशी भरण्याआधी पाण्यात बोट बुडवून चाखतात.