साठ रुपये आणि एक भिंग

आमच्याकडे सायन्सला जायचं की नाही हे दहावीचे टक्के ठरवतात आणि कुठल्या कॉलेजात जायचं हे गाडीची वेळ. धुळ्याला एसटी, अमळनेरच्या प्रताप कॉलेजला सुरत-भुसावळ मार्गावरची पॅसेंजर. शिंदखेड्यात विज्ञान शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले, पण शास्त्रज्ञच व्हायचं असं ठरवून दहावीतून बाहेर पडलेली मुलं फारशी भेटली नाहीत. पाचवी-सहावीत तशी पुष्कळ असतात. नववीत त्यांना डॉक्टर व्हायचं असतं आणि बारावीनंतर ‘नीट’चे मार्क हातात पडले की मुकाट बी.एस्सी.चा फॉर्म भरतात. गंमत म्हणजे माझे जे विद्यार्थी पुढे संशोधनात टिकले, त्यातले बरेचसे याच नाइलाजाच्या दारातून आत गेले.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या भाषणात मात्र असं कुणी बोलत नाही. तिथे माशेलकरांची गोष्ट हमखास येते. गिरगावातलं युनियन हायस्कूल, भावे सरांनी मुलांना उन्हात नेलं, भिंग धरून कागद जाळून दाखवला, आणि एक मुलगा शास्त्रज्ञ झाला. गोष्ट खरी आहे, माशेलकर स्वतःच ती सांगतात. पण त्या उन्हात सगळा वर्ग उभा होता. आणि तेच पुढे हेही सांगतात की १९६० साली एसएससीला बोर्डात अकरावा नंबर येऊनही शिक्षण सोडायची पाळी आली होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टचे महिना ६० रुपये मिळाले म्हणून कॉलेज झालं. भाषणात भिंग येतं, साठ रुपये गळतात. नारळीकरांच्या बनारसच्या घरी मोरूमामा फळ्यावर अवघड गणित लिहून ठेवायचे. आमच्या पोरांचे मामा त्या वेळी कपाशीला पाणी भरत असतात.

तरी भिंगाची वेळ येते. धुळे-नंदुरबार पट्ट्यात काळ्या दगडाच्या लांबलचक भिंती रानातून गेलेल्या दिसतात. जमिनीच्या भेगांतून वर येणारा लाव्हा भेगांतच थिजला, त्या या डाइक. त्यातली एक ७९ किलोमीटर लांब भरली आहे. नववीतला एक मुलगा शाळेचं होकायंत्र घेऊन गुरांमागे तिकडे गेला आणि सोमवारी म्हणाला, “सर, हे बिघडलं. दगडाजवळ सुई भलतीकडेच जाते.” मॅग्नेटाइट हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. तो गिळून म्हटलं, “दगड घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी त्याने पिशवी टेबलावर रिकामी केली. एकेक दगड सुईजवळ नेला. काहींनी सुई जागची हलली नाही. एकाने हलली. तोच दगड त्याने उलटा धरला, तर मघाशी ओढली गेलेली सुई आता लांब पळाली. मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली, डबा तसाच राहिला. मग त्याने आपणहून वहीत दगडाचं चित्र काढलं आणि कुठल्या टोकाने काय होतं ते लिहिलं. मी शेजारी बसून उत्तरपत्रिका तपासत असल्याचं सोंग केलं. आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम हेच, उत्तर माहीत असून गप्प बसणं. मॅग्नेटाइट त्याला पुढच्या आठवड्यात सांगितलं.

दहावीनंतर वडील भेटायला आले. “सर, यामा नोकरी शे का?”

इथे गप्प बसून चालत नाही, आणि ‘आहे की’ म्हणून ठोकून देणंही बरं नव्हे. मी वर्षं मोजून सांगतो. बारावीनंतर तीन वर्षं बी.एस्सी., दोन एम.एस्सी., पीएच.डी.ची पाच तरी धरा. खर्चही सांगतो. १९९० साली जळगावचं विद्यापीठ होण्याआधी आमची कॉलेजं पुण्याला जोडलेली होती. एम.एस्सी. म्हटली की पुण्यातली खोली आणि मेस आली, तिथेच अनेकांचं विज्ञान संपायचं. २००८ साली केंद्राची इन्स्पायर योजना आल्यावर माझ्या बोलण्याला जरा वजन आलं. बारावीत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाला गेलं तर वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत शिष्यवृत्ती. इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला गेलं तर नाही.

आकडा त्यांनी पुन्हा विचारून घेतला. दगडांचं मी काही बोललो नाही, त्यांना ते घरी कळलंच होतं. उठता उठता म्हणाले, “आंडेरले बी भेटस का?”

धाकटी मुलगी सातवीत होती. मिळतं, म्हटलं.