पाणलोटाच्या शिवेवरून

पुण्याच्या पश्चिमेस चांदणी चौक ओलांडून पौडाकडे निघालेल्या प्रवाशास शहराची हद्द नेमकी कोठे संपली हे सांगता येणे कठीण. भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावे येतात आणि जातात. इमारती विरळ होतात न होतात तोच पुन्हा दाटतात, मध्येच आंबेमोहराचे एखादे खाचर दिसते आणि त्याच्याच बांधावर कुठल्याशा गृहसंकुलाचा फलक उभा असतो. आश्विनाच्या आरंभीची सकाळ होती आणि एस. टी.च्या खिडकीतून ओल्या भाताचा वास येत होता.

पौडास गाडी थोडा वेळ थांबली. तालुक्याचे नाव मुळशी, कचेरी मात्र पौडास. आणि इंग्रजी अमदानीत हा तालुकाही नव्हता, हवेली तालुक्याचा एक पेटा होता. कचेरीबाहेर सातबाराच्या उताऱ्यासाठी रांग लागली होती. रांगेतल्या एकाने आपला जुना, घडीवर फाटलेला नकाशा पायरीवर पसरला होता, आणि शेजाऱ्याचा बांध आपल्या गटात कसा सरकला हे तो बोटाने दाखवीत होता. भूगोलाचे पंडित राज्याच्या व्याख्येत ‘निश्चित भूप्रदेश’ हे एक लक्षण सांगतात. ते लक्षण किती हातघाईचे असते, हे त्या पायरीवर जितके कळते तितके ग्रंथांतून कळत नाही.

मावळ मुलखात राज्यकर्त्यांच्या आधी हद्दी आखल्या त्या नद्यांनी. पौड खोरे, मुठे खोरे, मोसे खोरे, पवन मावळ, ही नावेच पाहावीत: नदीचे दोन्ही तीर आणि तिच्याकडे उतरणारे डोंगर एवढा एक मुलूख, आणि कण्याच्या माथ्यावरून पाणी पलीकडे वळले की तेथून दुसऱ्या देशमुखाचा अंमल. मोसे खोऱ्यात पासलकर, मुठे खोऱ्यात मारणे, हिरडस मावळात बांदल अशी ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या वसूल गोळा करीत, तंटे तोडीत, प्रसंगी एकमेकांशी लढतही. तथापि त्यांना कोणी राज्य म्हटले नाही, कारण वतनाची सनद वरून येई. शिवाजीराजांनी या खोऱ्यांना एका छत्राखाली आणले, तेव्हा डोंगर जागचे हलले नाहीत. सनद कोणाच्या नावाने निघावी एवढाच प्रश्न बदलला, आणि माझ्या मते प्रदेश राजकीय होतो तो याच प्रश्नापाशी.

याचा सर्वांत बोलका दाखला भोर संस्थानाचा. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड हे त्याचे पाच तालुके. पंतसचिवांचा हा मुलूख घाटमाथ्यावर तसाच घाटाखाली पालीकडेही पसरलेला होता, आणि इंग्रजांचा मुळशी पेटा त्याच्या शेजाराने नांदत होता. १९३३ साली माँटेव्हिडिओ येथील परिषदेत अमेरिका खंडातील राष्ट्रांनी राज्याची चार लक्षणे नमूद केली: स्थायी लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासनसंस्था आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची पात्रता. भोराकडे पहिली तीन होती. प्रजा होती, सरहद्द होती, कारभारीमंडळी होती. चौथे मात्र कलकत्त्याला आणि पुढे दिल्लीला गहाण पडले होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. घाटमाथा पुणे जिल्ह्याकडे आणि सुधागड कुलाब्याकडे गेला. गंमत अशी की, राज्य गेले पण नाव मतपेटीवर उरले: आज मुळशीचा मतदार विधानसभेसाठी भोर मतदारसंघात आणि लोकसभेसाठी बारामतीत मत देतो.

पौड मागे पडले आणि उजव्या हाताला मुळशीचा जलाशय दिसू लागला. काठाशी पाणी किंचित ओसरलेले होते, आणि त्या उघड्या पट्ट्यावर तांबडी माती पायऱ्यापायऱ्यांनी कोरल्यासारखी दिसत होती. या पाण्याखाली भाताची खाचरे आहेत. टाटा कंपनीच्या विजेसाठी मुळा नदी अडवावयाची ठरली, तेव्हा सुमारे पन्नास गावांवर हे संकट आले, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. त्या काळच्या वादाचा इत्यर्थ पाहिला की ध्यानात येते की, १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारने एका खासगी कंपनीसाठी सार्वभौमाचा हक्क वापरला होता. म्हणजे जमीन कोणाची, हा प्रश्न नसून ती काढून घेण्याचा अधिकार कोणाचा, हाच होता. पुण्याचे कित्येक सावकार नुकसानभरपाई घेऊन मोकळे होण्यास राजी होते, कसणारा कूळ मात्र राजी नव्हता. दोघांचा मुलूख एकच, पण त्याच्याशी असलेले नाते वेगळे. सत्याग्रह हरला, धरण झाले.

एर्नेस्त रेनाँ या फ्रेंच पंडिताने १८८२ साली सॉर्बोनमध्ये असे प्रतिपादिले होते की राष्ट्र हे वंशाने, भाषेने वा नद्या-डोंगरांनी ठरत नाही. एकत्र राहण्याची इच्छा रोज नव्याने प्रकट होत राहते, त्यावर ते उभे असते. हा विचार मला मोहक वाटतो, पण तलावाकाठी तो अपुरा भासतो, कारण ज्यांची खाचरे बुडाली त्यांची इच्छा कोणी विचारलीच नव्हती.

पुढे ताम्हिणी. रस्ता रानात शिरतो, धुके अंगावर येते, आणि एका वळणावर फलक सांगतो की पुणे जिल्हा संपला, रायगड लागला. तो रायगड १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई. लॉर्ड कर्झन यांनी १९०७ साली ऑक्सफर्ड येथे सरहद्दींवर व्याख्यान देताना नैसर्गिक सीमांचा विस्ताराने विचार केला होता, आणि पाणलोटाचा माथा ही त्यांतली एक लोकप्रिय सीमा. सह्याद्रीत ती अगदी चोख लागू पडावी: माथ्याच्या पूर्वेचा थेंब मुळेतून, भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जातो, पश्चिमेचा अरबी समुद्रात. पण मुळशीच्या धरणाने हा नियमच उलटवला. पूर्वेस वाहणारे पाणी नळांवाटे सुमारे ५०० मीटर खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघरात सोडले जाते. १९२७ पासून ते कुंडलिकेत मिसळून पश्चिम समुद्रास मिळते. डोंगराची शीव माणसांना पाळावी लागली, पाण्याला मात्र ती ओलांडण्याचा परवाना मिळाला. पुढे १९६९ साली नेमलेल्या कृष्णा पाणीतंटा लवादापुढे महाराष्ट्र, म्हैसूर आणि आंध्र प्रदेश यांनी हिशेब मांडले, तेव्हा असे पश्चिमेस वळवलेले पाणीही मोजावे लागले.

जिल्ह्याच्या या सीमेवर भाषा बदलत नाही, फार तर हेल बदलतो. १९६० साली महाराष्ट्र उभा राहिला तो भाषेच्या पायावर, आणि बेळगावचा वाद चालू आहे तोही त्याच मुद्द्यावर; तेथे खेडे हा घटक मानून सीमा आखावी, असा महाराष्ट्राचा आग्रह आहे. ताम्हिणीच्या चढावर असला प्रश्न कोणास पडण्याचे कारण नाही, कारण वर आणि खाली दोन्हीकडे मराठीच. आणि तरीही रेघ आहे, कचेऱ्या वेगळ्या आहेत, वसुलीची वही वेगळी आहे.

ताम्हिणी गावातल्या टपरीवर चहा घेताना शेजारच्या एका वृद्धास मी विचारले, “बाबा, हद्द नेमकी कुठं?”

“मताची, रेशनची का बाजाराची?” त्याने उलट विचारले. दप्तर पौडाला, मतदान बारामतीचे. मालाची खरेदी मात्र तो घाट उतरून माणगावास करी. त्याच्या नातवाचे लग्न खाली निजामपुराकडचे ठरले होते आणि वऱ्हाड कोठून निघावे यावर घरात दोन मते होती. माझी गाडी आली. तो विळ्याच्या गाडीची वाट पाहत तेथेच बसून राहिला.