'शाळा' : एक चित्रपट आणि चौदा वर्षांचें वय

विद्यार्थिमित्रहो, वार्षिक अंकाच्या पानावर चित्रपटाचें नांव पाहून तुमच्यापैकीं कित्येक खुषीनें हंसतील, आणि तुमचे पालक कदाचित् कपाळाला आठ्या घालतील. दोघांसही आमची विनंति एवढीच कीं, लेख पुरा वाचावा आणि मग काय तें ठरवावें. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांविषयीं आम्ही शिक्षक व पालक पुष्कळ बोलतों. त्या मुलांशीं मात्र फारच थोडें बोलतों. ज्या चित्रपटानें आम्हांस या गोष्टीचा विचार करावयास लाविलें, त्याचें नांवच मुळीं 'शाळा' असें आहे.

ठाण्याचे लेखक मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी मौज प्रकाशनानें २००४ सालीं प्रसिद्ध केली. तिच्या आधारें सुजय डहाके यांनीं आपला पहिलाच चित्रपट काढिला व २० जानेवारी २०१२ रोजीं तो चित्रगृहांत आला. त्यांत मारामारी नाहीं. नायक आणि नायिका हीं नववीच्या वर्गांतलीं मुलें. तरीहि ५९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याची निवड झाली, आणि पटकथेबद्दल अविनाश देशपांडे-निगडी यांचा गौरव करण्यांत आला.

कथा साधी आहे. काळ आणीबाणीचा, म्हणजे १९७५ च्या जूनपासून पुढचा. मुकुंद जोशी नांवाचा एक मुलगा नववींत शिकत आहे. सुऱ्या, चित्रे आणि फावड्या हे त्याचे जिवलग सोबती. वर्गांत शिरोडकर नांवाची एक मुलगी आहे. तिच्याकडे पाहतांना आपल्याला काय होतें हें जोशीला कळत नाहीं, आणि कळत नाहीं म्हणूनच तो रात्रंदिवस त्याचाच विचार करतो. अंशुमन जोशी व केतकी माटेगांवकर यांनीं हीं दोन कामें इतक्या सहजतेनें केलीं आहेत कीं, हीं मुलें आपल्याच वर्गांतून उठून पडद्यावर गेलीं कीं काय असें वाटावें.

डोंबिवलीच्या एका चित्रगृहांत आम्हीं तो प्रथम पाहिला तेव्हां प्रेक्षकांत मुलांपेक्षां आईबापच अधिक होते, आणि पोट धरधरून हंसत होते तेहि तेच. 'लाईन' या एका शब्दाभोंवतीं त्या पोरांनीं उभारलेलें शास्त्र, सोबत्यांपुढें मारलेली फुशारकी आणि प्रत्यक्ष ती मुलगी समोर आल्यावर उडालेली त्रेधा, हें सारें पाहून आमच्या शेजारचे एक वयस्क गृहस्थ डोळे पुसूं लागले. हंसून कीं रडून, हें आम्हीं विचारलें नाहीं. ज्यानें त्यानें आपापली नववी आठवली असावी. आमची स्वतःची नववी कल्याणास झाली. त्या वेळीं मुलांना बसावयास काळ्या तलावाचा कांठ होता आणि मोकळीं मैदानें होतीं. आज त्या मैदानांच्या जागीं इमारती उभ्या आहेत, आणि मुलें लोकलच्या फलाटावर, शिकवणीच्या जिन्यावर भेटतात. जागा बदलल्या, परंतु फलाटावरच्या मुलांच्या तोंडावरची ती त्रेधा आम्हांस आजहि जशीच्या तशी दिसते.

परंतु हंसून झाल्यावर एक प्रश्न उरतो, आणि तो पोरखेळाचा नाहीं. मोठ्यांना कळलें म्हणजे काय होतें?

कांहीं वर्षांपूर्वीं नववींतल्या एका मुलीचे वडील आमच्याकडे आले. मुलीच्या वहींत त्यांस एक चिठ्ठी सांपडली होती. मजकूर दोन ओळींचा, आणि शुद्धलेखनाच्या चुका तीन. गृहस्थ संतापानें थरथरत होते. मुलीचें नांव शाळेंतून काढून तिला गांवीं आजीकडे पाठवावयाचें, असा त्यांचा निश्चय झाला होता.

"आणि मुलाचें काय?" आम्हीं विचारलें.

"त्याचें त्याचे आईबाप पाहून घेतील."

"म्हणजे चिठ्ठी लिहिली मुलानें, आणि शाळा सुटणार मुलीची?"

गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. थोड्या वेळानें म्हणाले, "पण गुरुजी, तिनें आम्हांला सांगितलें कां नाहीं?"

"सांगितलें असतें, तर आपण काय केलें असतें?"

या प्रश्नाचें उत्तर त्यांना ठाऊक होतें; म्हणूनच तें त्यांच्या तोंडून निघेना. आम्हीं त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि सर्व कुटुंबानें 'शाळा' एकत्र बसून पाहावा अशी गळ घातली. त्या मुलालाहि आम्हीं बोलावलें. त्याला मारलें नाहीं कीं वर्गापुढें उभें केलें नाहीं. फक्त एवढें सांगितलें कीं, बाबा, तुझ्या दोन ओळींनीं एका मुलीचें शिक्षण बंद पडण्याची वेळ आली आहे. तो पांढराफटक पडला. आपल्या खेळाचें मोल दुसऱ्याच कोणाला द्यावें लागतें, हें त्याला तोंवर कोणीं सांगितलेंच नव्हतें. मुलगी शाळेंत राहिली आणि पुढच्या वर्षीं दहावी उत्तीर्ण झाली. तिच्या वडिलांशीं तिचें बोलणें पूर्ववत् व्हावयास मात्र बरेच महिने लागले. चिठ्ठी फाडून टाकतां येते. तुटलेला विश्वास सांधावयास वेळ लागतो.

'शाळा' चित्रपटांत जोशीचा एक नरूमामा आहे. जितेंद्र जोशी यांनीं तो उभा केला आहे. भाच्यानें मनांतली गोष्ट विचारली असतां तो हंसण्यावारी नेत नाहीं, आणि दरडावीतहि नाहीं. बरोबरीच्या माणसाशीं बोलावें तसा बोलतो. आमच्या मतें त्या चित्रपटांतलें खरें शिक्षण तेथें आहे. प्रत्येक घरांत असा एक मामा हवा. नसेल तर बापानें घटकाभर मामा व्हावें. अखेरीस शिरोडकर गांव सोडून जाते, आणि जोशी दहावीच्या उंबरठ्यावर एकटा उरतो. त्याचें दुःख लहान आहे असें म्हणण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. चौदा वर्षांच्या माणसाजवळ मोठें दुःख मापावयास दुसरें माप नसतें.

याच वळणाचे आणखी कांहीं मराठी चित्रपट आहेत. डोंबिवलींत वाढलेले रवी जाधव यांचा 'बालक-पालक' २०१३ च्या जानेवारींत आला. मोठ्यांनीं टाळलेल्या प्रश्नांचीं उत्तरें मुलें भलतीकडे कशीं शोधूं लागतात, हें त्यांत हंसतहंसत दाखविलें आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तील जब्यालाहि वर्गांतली एक मुलगी आवडते. परंतु त्याच्या वाटेंत जातीची भिंत उभी आहे, आणि तेथें प्रेक्षकाचें हंसूं घशांतच अडकतें. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'मध्यें वडील गेलेला अकरा वर्षांचा मुलगा आईच्या बदलीमुळें कोंकणांत येतो आणि हळूहळू नव्या गांवाशीं मैत्री करतो. या चित्रपटास २०१४ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत 'क्रिस्टल बेअर' हें पारितोषिक मिळालें. आणि तें देणारे परीक्षक मोठीं माणसें नव्हतीं, तीं मुलेंच होतीं! कोंकणांतल्या मुलाचें एकटेपण जर्मनींतल्या मुलांना भाषांतराच्या चार ओळींवरून उमगलें. मग एकाच घरांत, एकाच भाषेंत बोलणाऱ्या बापलेकांना एकमेकांचें मन कां उमगूं नये?

पालकांस आमचें नम्रपणें सांगणें आहे कीं, मुलांच्या वह्या तपासण्यापूर्वीं त्यांच्याजवळ बसावें. पहिल्या कबुलीला शिक्षा मिळाली म्हणजे दुसरी कबुली कधींच येत नाहीं. आणि जें घरीं बोलतां येत नाहीं तें मूल बाहेर, हवें त्याला विचारीत सुटतें.

आणि मुलांनो, तुम्हांसहि दोन शब्द. कोणी आवडणें हा गुन्हा नव्हे. परंतु ज्याला आपण आवडतों म्हणतों त्याची शाळा, त्याचें नांव आणि त्याच्या मनाची शांति आपल्या हातून सुरक्षित राहिली पाहिजे. समोरच्यानें 'नाहीं' म्हटलें तर तो शब्द तेथेंच मानावा, आणि सोबत्यांत त्याची टवाळी होऊं देऊं नये. एवढें ज्याला साधलें तो नववींत असतांनाच बराच मोठा झाला, असें आम्ही समजूं. येत्या सुटींत आईवडिलांना शेजारीं बसवून 'शाळा' पाहा. तें हंसतील तेथें त्यांना विचारा, "तुमच्या वर्गांत कोण होतें हो?" उत्तर मिळो वा न मिळो, बोलणें तर सुरू होईल.