अधारतालच्या भजनात शिकलेला क्रम

जबलपूरच्या उत्तर भागात अधारताल आहे. राणी दुर्गावतीचे मंत्री अधारसिंह यांनी इथला तलाव बांधला, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. १९६४ साली स्थापन झालेलं जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठही याच भागात आहे. माझी आत्या इथे राहते. तिच्या घरी दर एकादशीला भजन असतं. दहा-बारा मंडळी, एक पेटी, चार-पाच टाळांचे जोड आणि ढोलकीवर शेजारचे हिंदीभाषक काका.

यंदा आषाढीला आत्या म्हणाली, "या वेळी कोणतं भजन कधी घ्यायचं ते तू ठरव." मला मोठा उत्साह. मुलं कंटाळतात ही सगळ्यांची तक्रार होतीच, म्हणून मी सुरुवातीलाच द्रुत लयीतला गजर ठेवला, लगेच गौळण आणि पुन्हा गजर. पहिली पंधरा मिनिटं धमाल आली. मग आवाज बसले, टाळ मागे पडू लागले आणि मुलं अंगणात पळाली. पुढच्या अभंगांना कुणात जीवच उरला नव्हता.

आत्या काही बोलली नाही. तिने पेटी स्वतःकडे ओढली आणि विठ्ठलाच्या रूपाचा एक संथ अभंग धरला. भजनी ठेका आठ मात्रांचा. तो सावकाश चालला, की नवख्यालाही टाळ कुठे वाजवायचा ते कळतं. शेजारचा आठ वर्षांचा मुलगा परत आला आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याचा टाळ बरोबर पडू लागला.

मग मला जुन्या क्रमातलं शहाणपण दिसलं. आधी नामाचा गजर, तोही संथ. मग रूपाचा अभंग, मग इतर अभंग, हळूहळू चढती लय. गौळण येते तेव्हा सगळे एका तालात आलेले असतात. त्यानंतर काकांचं नर्मदामैयाचं हिंदी भजन. ग्वारीघाट शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण या भजनाने नदी घरात येते आणि गळ्यालाही विसावा मिळतो. मग द्रुत गजर, भैरवी आणि शेवटी पसायदान.

हे फक्त भजनातच नाही. १९६५ ते १९९५ या काळात गाजलेला अमेरिकेतला 'ग्रेटफुल डेड' हा बँड गाण्यांची यादी सहसा आधी ठरवत नसे. मंचावरच एका गाण्यातून दुसऱ्यात शिरायचं, ही त्यांची पद्धत. पुढच्या काळात कार्यक्रमाच्या उत्तरार्धात बराच वेळ नुसते ड्रम वाजत, आणि त्यानंतर अनेकदा एखादं संथ गाणं येई. ऐकणाऱ्यालाही श्वास घ्यायला जागा लागते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

रात्री सतरंज्या उचलताना मी म्हटलं, "आत्या, माझं चुकलंच."

ती हसली. "अगं, मुलांना धरून ठेवायचं तर त्यांना आधी आपल्याबरोबर चालू द्यावं. पळायचं नंतर."

पुढच्या एकादशीचा क्रमही मीच लावणार आहे. पहिला अभंग संथच असेल आणि एक टाळाचा जोड त्या मुलासाठी बाजूला ठेवलेला असेल.